न गेलेल्या लढाईवरून परत

माझी बायको गेली. तिच्या तेराव्याला एक नातेवाईक चार लोकांत बोलले, हे काश्मीरला लढत होते तेव्हा ही बिचारी वाट बघत बसली होती. माझं डोकंच फिरलं. साफ खोटं आहे. शाळा माझी चौथीत सुटली, तरी स्वतः लिहितोय, कारण दुसरा कोणी लिहील तर पुन्हा काश्मीर घुसवील.

संस्थानं मिळून मध्यभारत राज्य नवं नवं झालं होतं. काश्मीरची लढाई चालू होती आणि मी संस्थानच्या फौजेत नुकताच भरती झालो होतो. लग्न झालेलं, पण बायको अजून माहेरीच, राजवाड्यामागच्या गल्लीत. सासरे जुन्या रिसाल्यातले. निघायचा हुकूम आला तेव्हा त्यांनी घरातल्या बायकांना मला ओवाळायला लावलं आणि खंडोबापुढे बोलून बसले, जावई रणावरून परतला की मगच मुलगी सासरी धाडीन.

स्टेशनावर सुभेदारानं मला बाजूला काढलं. "तू इथंच थांब. खच्चरं कोण सांभाळणार?"

झालं! फौज गेली, मी तबेल्यात. चंदी चारा, लीद काढा, खरारा करा. सुट्टीला सासरी गेलो की सासरे बैठकीत बसवून पोहे द्यायचे. बायको दाराआड.

"मामासाहेब, आता तरी पाठवा."

"तुम्ही परत आलात कुठं, जावईबापू?"

"अहो, मी गेलोच नाही!"

"मग जा ना आधी."

मला पाठवा म्हणून सुभेदाराच्या मागे लागलो; तोही छावणीतच राहिला होता. तो म्हणायचा, "अरे भिया, लोक घरी राहायला रडतात, तू लढायला रडतोस!" पुढे लढाईच थांबली. मी खूश होऊन सासरी गेलो, तर सासरे डोक्याला हात लावून बसलेले. "पंचाईतच झाली. आता तुम्ही जाणार कधी नि येणार कधी? देवाला शब्द दिलाय."

त्यानंतर खच्चरं महूच्या छावणीत पोचवायचा हुकूम आला. सासरी सांगून गेलो. परत आलो तो धुळीनं भरलेला, आणि बघतो तर बायको उंबऱ्याबाहेर, भर गल्लीत उभी. लढाईवरून आलेल्याला करतात तसा तिनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. सगळी गल्ली बघत होती.

सासरे धावत आले. "अगं, हे महूहून आलेत!"

"फौजेच्या हुकमानंच गेले होते ना? ओवाळून झालंय. आता नाही आले म्हणून तुम्हीच सांगा देवाला."

सासऱ्यांनी देवघराकडे बघितलं, गल्लीकडे बघितलं, आणि टांगा आणायला माणूस धाडला.

टांग्यात ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "लीदीचा वास येतोय. सरका तिकडे."

सरकलो. अजूनही पलंगावर कडेलाच निजतो. मुलगा रोज ओरडतो, "बाबा, मधे निजा, पडाल."