हेमंतची कार्बनची चाकं

हेमंत काल सकाळी गेला, आणि संध्याकाळपर्यंत निम्मं डहाणू सायकलतज्ज्ञ झालं होतं.

"वेग नडला."

"या वयात कशाला हवी होती रेसची चाकं?"

"चायनाचा माल, दुसरं काय होणार!"

हे सगळं स्मशानात. चिता पेटलेली असताना.

हो, मी गेले होते स्मशानात. बायकांनी येऊ नये असं सांगायला आलेल्या गृहस्थांना मी जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. शाळेत नन्सनी शिकवलेलं थोडंफार अजून शिल्लक आहे.

अपघात झाला तेव्हा त्याच्यासोबत मी होते. फक्त मी. तेव्हा आता जरा गप्प बसा आणि वाचा.

हेमंत म्हणजे सरावलीचा, चिकूच्या वाडीवाला. वय सत्तेचाळीस, वजन ब्याण्णव किलो. मी बँकेतून रिटायर झाले तेव्हा त्याने स्वतःची जुनी रोड बाइक माझ्या अंगणात आणून उभी केली.

"मॅडम, आता घरात बसलात तर लोकांना बोलून बोलून मारून टाकाल. त्यापेक्षा सायकल चालवा."

चालवायला लागले. साठीनंतर.

मग गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात कार्बनची चाकं शिरली. अ‍ॅल्युमिनियमपेक्षा हलकी, पळायला सुरेख. चार महिने दुसरा विषय नव्हता. रिमची खोली पन्नास मिलिमीटर घ्यावी की अडतीस? खोल रिम सपाटीवर झकास पळते, पण आडवा वारा लागला की शिडासारखी ओढते.

म्हणून एका मित्राची पन्नासची चाकं मागून आणली आणि आम्ही चिंचणी-वरोरच्या रस्त्यावर ट्रायलला गेलो. समुद्रावरून असा वारा आला की हेमंत सायकलसकट बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांमध्ये.

एक मावशी कमरेवर हात ठेवून उभी. "काय रे शेट, सायकल चालवतोस का पतंग उडवतोस?"

"मावशी, बोंबील किती पडले?"

"पडले ते तूच उचल. आणि घेऊनच जा आता!"

दोन किलो सुके बोंबील विकत घेऊन आम्ही परतलो. अडतीस नक्की झालं.

मुंबईच्या दुकानदाराने चाकं देताना विचारलं होतं, "घाटात जाता का?"

उत्तर मी दिलं. "अहो, डहाणूला कसला घाट!"

हेमंतही हसला.

किनाऱ्यावरची माणसं आम्ही. चाक निवडताना चार महिने वाऱ्याचा विचार केला. उताराचं नाव दोघांपैकी एकानेही काढलं नाही.

काल आम्ही तलासरीच्या पूर्वेकडे डोंगरात गेलो. हट्ट माझा. समुद्राचा तोच तो सपाट रस्ता बघून मला कंटाळा आला होता.

चढ कसाबसा संपवला. मग उतार. तीन किलोमीटर, ऊन चढलेलं, रस्ता तापलेला.

आमच्या सायकलच्या ग्रुपचा एक नियम आहे. चढावर ज्याला जमेल त्याने पुढे जावं. उतारावर मात्र सगळ्यात कच्च्या माणसाच्या मागे पक्का माणूस राहणार, म्हणजे मागून येणारी गाडी आधी त्याला बघेल.

कच्ची मी. पक्का तो.

आमच्या सायकलींचे ब्रेक थेट रिमवर घासतात. कार्बनची रिम ही उष्णता लवकर सोडत नाही, आणि ती फार तापली की आतली ट्यूब फुटते. म्हणून ब्रेक सतत धरायचा नसतो. घट्ट दाबायचा, सोडायचा, चाकाला वारा लागू द्यायचा. हे मला त्यानेच शिकवलं होतं.

मी घाबरून दोन्ही ब्रेक आवळून बसले होते. ताशी चौदा. माझ्या मीटरवर दिसत होतं.

मागून आवाज आला, "मॅडम, सोडा थोडं. धरा, सोडा. धरा, सोडा."

"मला शिकवू नकोस हेमंत!"

"बरं बरं. सावकाश चला. मी आहे मागे."

मी चौदाने चालले, म्हणून तोही चौदाने. ब्याण्णव किलो त्या उतारावर चौदाला रोखून धरायचे म्हणजे ब्रेक सोडताच येत नाही. त्याने सोडला असता तर तो माझ्या पुढे निघून गेला असता आणि मागे मी एकटी उरले असते.

त्याने सोडला नाही.

एका वळणावर मोठा आवाज झाला. मला वाटलं, कुठल्यातरी ट्रकचा टायर फुटला.

वळून बघितलं तर हेमंत मोरीच्या कठड्यापाशी पडलेला. हेल्मेट डोक्यावर जसंच्या तसं. मान मात्र...

मी त्याच्या अंगावरची सायकल ओढायला पुढचं चाक धरलं आणि हात झटकन मागे घेतला. रिम तव्यासारखी तापली होती. दोन बोटांना फोड आलेत. टाइप करताना दुखतंय. दुखू दे.

पाड्यावरून एक बाई पाण्याची कळशी घेऊन धावत आली. तिने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि मग ते पाणी मला पाजलं.

म्हणाली, "बाई, तो गेला."

कालपासून मी सगळ्यांना "टायर फुटला" एवढंच सांगत होते. पोलिसांना, डॉक्टरांना, त्याच्या बायकोला, वैशालीलाही. ते खरं होतं आणि माझ्या सोयीचंही होतं.

आज सकाळी वैशालीकडे गेले आणि उरलेलं सांगितलं. ब्रेक, चौदाचा वेग, "मला शिकवू नकोस", सगळं. ती माझ्यावर ओरडेल अशी तयारी करून गेले होते. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "मॅडम, मुलं शाळेत जातील तेव्हा त्यांना हेच ऐकायला मिळेल. बापाला या वयात रेस करायची हौस होती, म्हणून मेला. माझं कोण ऐकणार? तुम्ही लिहा. तुमच्या नावाने लिहा."

म्हणून हे माझ्या नावाने.

हेमंत एका घाबरलेल्या, हट्टी बाईच्या मागे, तिच्या वेगाने उतरत होता. यापुढे त्याच्या मुलांसमोर कोणी "वेग नडला" म्हटलं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

हेमंत, वयाने मी तुझ्यापेक्षा मोठी. तरी आज वाकून नमस्कार करते.

जा बाबा. आता माझ्यासाठी थांबू नकोस.