समोरच्या कड्यावरचा मिशीवाला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात तर माझी लिंक तुटते. हा घोळ आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे, पण प्रत्येक जण आपापला मसाला घालून सांगतो. म्हटलं, निदान मूळ माल तरी माझ्याकडून जाऊ दे!

लोक मला चौकस म्हणतात. म्हणजे तोंडावर चौकस म्हणतात. मागं काय म्हणतात तेही मला माहीत आहे, कारण मी चौकस आहे.

तर आमच्या शेजारी मृणाल राहते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिची आई शाळेत मास्तरीण, गल्लीत सगळे त्यांना ‘बाई’च म्हणतात. ही पोरगी तीन वर्षं दर हिवाळ्यात शनिवारी पाठीला पिशवी लावून गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात जायची आणि रविवारी संध्याकाळी उन्हानं रापून परत यायची. काय करायची म्हणाल? समुद्राच्या कड्यावर बसून पक्षी बघायची. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही! स्वतःहून!

एके दिवशी बघते तर ही आमच्या कट्ट्यावर तोंड पाडून बसलेली.

"काय गं, काय झालं?"

"माझ्या जोडीची मैत्रीण स्कूटरवरून पडली, काकू. पाय प्लॅस्टरमध्ये. आता सगळं संपलं."

मग तिनं सांगितलं. त्या कड्यावर एका झाडावर समुद्रगरुडाचं घरटं आहे. आणि बरोबर त्याच्या डोक्यावर गावाला पर्यटकांसाठी पायऱ्या आणि गॅलरी बांधायची आहे. मृणालनं ग्रामपंचायतीच्या हातापाया पडून थांबवलं, तेव्हा ते म्हणाले, या हंगामात गरुडांची जोडी खरंच पिल्लू वाढवते का, याची सलग सहा रविवारची नोंद दाखवा. दाखवलीत तर गॅलरी पलीकडच्या टोकाला नेऊ. नाही दाखवलीत तर काम सुरू.

"मग दुसरं कोण न्हाय?"

"सहा रविवार कोण देतंय? मला पुढच्या टोकावर बसून दुसऱ्या पक्ष्यांची नोंद घ्यावी लागते, तीन वर्षांची नोंद आहे, तुटायला नको. घरट्यासमोर एक माणूस पाहिजेच."

"मग मी येतो की!"

(आम्ही कोल्हापूरच्या बायका येतो-जातोच म्हणतो. दचकू नका.)

मृणाल मात्र दचकली. "काकू, तिथं नुसतं बसून बघायचं असतं. तासन् तास."

"अगं, मग मी इथं दुसरं काय करतो?"

ती लगेच हो म्हणाली.

सरावाला तिनं मला कळंब्याच्या तलावावर नेलं. गळ्यात दुर्बीण अडकवली. मी डोळ्याला लावली आणि अशी खूश झाले म्हणून सांगू! पलीकडच्या काठावर कोपऱ्यावरचे किराणावाले अण्णा. डॉक्टरनं तेलकट बंद केलंय आणि हा माणूस झाडामागं उभा राहून भजी खातोय!

"काकू, पक्षी बघा."

"बघतो गं. तिसरं भजं हाय हे."

तिथंच त्या पोरीनं ओळखायला हवं होतं. पण गरज बिचारीची होती.

पहिल्या रविवारी पहाटे मला कड्यावर बसवलं. तुम्ही कोकणचा समुद्र म्हणजे वाळू आणि नारळ असाच बघितला असेल. हा तसा नव्हे. तिथं वर नुसता सडा, म्हणजे काळ्या-तांबड्या दगडाचं माळरान. चालत जावं आणि एकाएकी जमीनच संपते! खाली बघितलं तर थेट पाणी. लाटा कड्यावर अशा आदळत होत्या की बुडाखालचा दगड हलतोय असं वाटावं. समोर दुसरा कडा. दोन कड्यांच्या मधून समुद्र चिंचोळा होऊन आत शिरलेला, आणि आतल्या टोकाला दगडात मुळं रोवून उभं राहिलेलं ते झाड. त्यावर काटक्यांचा हा एवढा ढीग. तेच घरटं.

मृणालनं छापील कागद दिला. गरुड आला की वेळ लिहायची, पायात काय होतं ते लिहायचं, पिल्लाला भरवलं का ते लिहायचं. भरलेला कागद पाकिटात घालून चिकटवायचा. "नंतर कुणी खाडाखोड केली असं गावानं म्हणायला नको," असं म्हणून ती आपल्या टोकाकडं निघून गेली.

मी दुर्बीण उचलली. घरटं शोधायला म्हणून इकडून तिकडं फिरवली. आणि समोरच्या कड्यावर काय दिसलं?

एक माणूस! या एवढ्या मिशा! आणि त्याच्या डोळ्याला दुर्बीण! आणि ती दुर्बीण कुठं रोखलेली? माझ्याकडं!

आता सांगा, इतक्या सकाळी, निर्मनुष्य कड्यावर, मध्यमवयीन बाईकडं दुर्बिणीतून बघणारा माणूस सज्जन असेल का? मी लगेच खाली वाकले. हळूच डोकं वर काढलं. तर तोही वाकलेला! तोही हळूच डोकं वर काढतोय!

घरटं राहिलं बाजूला. मी पिशवीतून माझी वही काढली.

सड्यावर मोबाइलला रेंज झकास. लगेच हुपरीला बहिणीला फोन लावला. तिच्या घरी पैंजणाचं काम चालतं, मागं सारखी हातोडीची टकटक, त्यामुळं तिच्याशी जरा मोठ्यानं बोलावं लागतं.

"शालन, हितं एक चोरटा हाय बघ!"

"पक्ष्याची अंडी चोरायला आला आसंल! लिहून ठेव सगळं. पोलिसांना लागतंय!"

झालं. पुढचे रविवार मी काय काय केलं म्हणता! दुसऱ्या रविवारी करवंदीच्या जाळीमागं लपून बघितलं. तोही दगडाआड गेला. तिसऱ्या रविवारी मी मुद्दाम जागा बदलली, तर त्यानंही बदलली. चौथ्या रविवारी मी त्याला मूठ दाखवली. त्यानं मला शिट्टी दाखवली. वाजवली नाही, नुसती दाखवली! मधल्या वेळात शालनशी फोनवर गप्पा होत्याच.

माझी वही भरत चालली. आणि छापील कागद? तो रिकामा ठेवायचा नाही एवढी अक्कल मला होती. पहिल्या ओळीत लिहिलं, ‘गरुड आला, मासा आणला.’ आणि खालच्या सगळ्या ओळींत? ‘वरीलप्रमाणे.’ कचेरीत लिहितात की असं! सहाही रविवार. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. पाकीट चिकटवलं, मृणालच्या हातात दिलं.

पाचव्या रविवारी तर मी थेट सरपंचबाईंकडं गेले. त्या अंगणात मासे निवडत होत्या. मिशीवाल्याचं सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. आता आठवतंय, त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, संतापानं.

"बाई, तुम्ही नजर ठेवा," त्या म्हणाल्या. "काय दिसात ता सगळा लिवून ठेवा."

मी तर जन्मभर कुणीतरी असं म्हणायची वाट बघत होते!

सातव्या रविवारी शाळेत ग्रामसभा होती. सकाळी आम्ही उतरायचो त्या घराच्या पडवीत मृणालला राहवलं नाही, तिनं सहा पाकिटं फोडली. पहिलं वाचलं. दुसरं वाचलं. मग बाकीची भराभर.

"काकू, हे काय?"

"वरीलप्रमाणे."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती ते कागद एकावर एक ठेवून कडा सरळ करत बसली. तीन वर्षं उन्हातान्हात बसलेली पोर. मी गुपचूप पिशवीत हात घातला.

"दुसरी वही हाय गं माझी," मी म्हटलं.

"कसली?"

"चोराची."

तिनं कपाळाला हात लावला. पण वही घेतली. पहिलं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "‘सात दहा. मिशीवाला हजर. डोक्यावरून गरुड गेला, पायात लांबडा मासा, घरट्यात टाकला, पिल्लू ओरडलं. मिशीवाल्यानं मान वर केली नाही. म्हणजे हा पक्षी बघायला आलेला नाही!’"

ती थांबली. पान उलटलं. "‘आठ बावीस. मिशीवाला चहा पितोय. मोठी मादी आली, सापासारखं काहीतरी आणलं, पिल्लाला तुकडे करून भरवलं. मिशीवाला माझ्याकडंच बघतोय.’ काकू! यात सगळं आहे!"

"आहे की. पुरावा म्हणून लिहिलंय."

"पण गाव कसा विश्वास ठेवेल? माझीच शेजारीण, तिचीच वही, आणि वर हे कागद असे!"

तसंच वही घेऊन शाळेत गेलो. वर्ग गच्च भरलेला. आणि सरपंचबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर कोण? मिश्या!

"हाच तो!" मी ओरडले.

"हीच ती!" तो उठून ओरडला.

सरपंचबाईंनी दोघांना खाली बसवलं. तो होता बाबलकाका, एसटीतला निवृत्त कंडक्टर. गावानंच त्याला गुपचूप बसवलं होतं, आम्ही खऱ्या नोंदी घेतो की घरी बसून कागद भरतो ते बघायला. आणि हा शहाणा माझी तक्रार घेऊन सरपंचबाईंकडं गेला होता. त्यालाही त्यांनी काय सांगितलं असेल? नजर ठेवा!

"ही बाई?" बाबलकाका हात नाचवत म्हणाला. "ही घरट्याकडे बघणारीच नाय! सहा रविवार माका बघता हा!"

वर्गात हशा. गॅलरी पाहिजे असलेला एक जण मागून म्हणाला, "झाला मग! नोंदच खोटी. पायऱ्यांचा काम सुरू करा!"

मृणाल पांढरी पडली. आता मात्र माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि वही डोक्यावर धरली.

"ओ पावणं! मी तुमच्याकडं बघत होतो, बरोबर. पण गरुड जात कुठनं होता? तुमच्या न् माझ्या मधनं! डोळे मिटून बसलो नव्हतो मी! काढा तुमची वही!"

सरपंचबाई पुढं सरकल्या. "काढा. एकेक करून वाचा."

मी वाचलं, "पहिला रविवार, सात दहा. लांबडा मासा."

बाबलकाकानं वही उघडली. कंडक्टरची वही ती, मिनिटाचा फरक नाही. त्यानं वाचलं, "सात धा. बाई खाली वाकली. वरसून पक्षी गेलो, पायात लांब मासो." त्याचा आवाज जरा खाली आला.

"आठ बावीस. साप."

"आठ बावीस... साप."

मागची माणसं ऐकायला पुढं सरकली. एकामागून एक पानं. कुठं त्याला मासा दिसला, मला नाही. कुठं मला मादी दिसली, त्याचा चहा सांडलेला. पण बाकी सगळं जुळत गेलं. सहाव्या रविवारी दोघांच्याही वहीत एकच गोष्ट होती. पिल्लानं घरट्याच्या काठावर उभं राहून पहिल्यांदा पंख पसरले. मी खाली लिहिलं होतं, ‘मिशीवाला टोपी काढून बघत राहिला.’ त्यानं लिहिलं होतं, ‘बाई रडली.’

सरपंचबाई सगळ्यांकडं वळल्या. "ह्यांची ओळख नाय, दोस्ती नाय, उलट दुश्मनी. तरी मिनटाक मिनिट जुळता. ह्याच्यापेक्षा खरी नोंद आणखी कसली होवची? गॅलरी पलीकडच्या टोकाक."

हात वर झाले. मागच्या त्या गॅलरीवाल्याचा सुद्धा! मृणालनं भर सभेत मला अशी मिठी मारली की माझा चष्माच पडला. मी म्हटलं, जिंकलो! माझ्या चौकसपणाचं सोनं झालं!

इथंच थांबावं ना माणसानं? पण बाबलकाका उठला. आता त्याचा राग पार गेला होता, चेहरा अगदी लाजरा.

"बाई, एक विचारूचा रवला. दोन कड्यांच्या मधी आवाज कसो घुमता तुमका ठाऊक नाय. तुमी भैणीबरोबर फोनवर बोलायचात ता सगळा पलीकडे आयकाक येय. तिसऱ्या रविवारपासून आमच्या वाडीतले पाच-सात जण आयकूक दगडाआड येऊन बसत." त्यानं बोटाला थुंकी लावून पान उलटलं. "ह्या बघा. ‘आठ पाच. बाई फोनवर. शेजारची मास्तरीण संकष्टीचो उपास धरता आणि चंद्र उगवच्या आधी कुकराच्या मागे उभी रवान शेव खाता.’ तर मगे त्या मास्तरणीच्या घरात ह्या कळला काय नाय?"

अख्खा वर्ग माना पुढं काढून माझ्याकडं बघायला लागला. माझ्या गळ्यातले मृणालचे हात हळूच सैल झाले.

"आत्ता कळलं, काका," ती म्हणाली.