गोधड्या कुठे जात होत्या

तो तक्रार अर्ज घेऊन आलेला माणूस मला आजही जसाच्या तसा दिसतो. मोताळा तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. बाजाराचा दिवस असल्याने निम्मा स्टाफ बंदोबस्ताला गेला होता. ठाणे अंमलदाराने खुर्ची पुढे केली तरी तो उभाच राहिला. दुसरबीडला मोठ्या रस्त्यावर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. तिथून बस बदलत बदलत आला होता.

"साहेब, इथं वळखीच्या एका बाईंच्या ओसरीवर माझ्या लेकीचा फोटू लावलाय," तो म्हणाला. "खाली लिवलंय, हिच्या इलाजासाठी मदत करा. माझी लेक पोळ्याच्या आधीच गेली."

आणि आता थंडी सरत आली होती.

त्याच्या ओळखीचा एक ड्रायव्हर जिनिंगमध्ये कापूस घेऊन आला होता. त्याने फोटो पाहिला आणि गावी जाऊन सांगितलं. मुलीच्या आईच्या कानावर ते गेलं तसं तिने जेवण टाकलं. "मला कुणावर केस करायची न्हाई. तेवढा फोटू काढायला लावा," एवढंच त्याचं मागणं होतं.

पण मृत मुलीच्या नावाने कुणी मदत गोळा करत असेल, तर फोटो काढून विषय संपत नाही. मी अर्जाची स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि चौकशी सुरू केली.

घर एका विधवा बाईंचं होतं. गाव त्यांना काकू म्हणत असे. मूलबाळ नाही. नवरा सरकारी नोकरीत होता, त्याच्या पेन्शनवर घर चालायचं. तो संभाजीनगरच्या दवाखान्यात शेवटच्या आजारात पडून होता, तेव्हा शेजारच्या वॉर्डात ही मुलगी होती. दोन्हीकडच्या माणसांनी एकाच व्हरांड्यात फरशीवर रात्री काढल्या. नवरा गेल्यावर काकू गावी परतल्या आणि त्यांनी एक गोष्ट सुरू केली. गल्लीतल्या बायकांकडून जुनी लुगडी, साड्या मागायच्या, दुपारी सगळ्यांनी ओसरीवर बसून गोधड्या शिवायच्या. त्या गोधड्या मलकापूरचा एक दुकानदार विकायचा आणि आलेला पैसा परस्पर मुलीच्या वडिलांना पाठवायचा. इथपर्यंत सगळं चोख होतं. मुलगी गेली तेव्हा वडिलांनीच फोन करून काकूंना कळवलं होतं.

मी मलकापूरला माणूस पाठवला. दुकानदार म्हणाला, "पोळ्यापासून त्या बाई आल्याच नाहीत. मला वाटलं, काम बंद पडलं."

काम बंद पडलं नव्हतं. ओसरी रोज दुपारी भरत होती. मग गोधड्या जात कुठे होत्या?

आमच्याकडे एक महिला शिपाई नोकरीत नवीन होती. लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरची, इथे भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. तिला मी साध्या वेशात शिवणाऱ्या बायकांत बसायला पाठवलं. बायकांना काय माहीत आहे ते काढायचं, एवढं काम. पहिल्या दिवशी ती परत येऊन म्हणाली, बायकांना मुलगी गेल्याचं ठाऊकच नाही. दुसऱ्या दिवशी मी न सांगता ती पुन्हा गेली. त्यानंतरही गेली. मी लेखी अहवाल मागितला तेव्हा तिने मान खाली घातली.

"साहेब, काय लिहू? तिथं बसलं की उठू वाटत नाही. काकू परत्येकीला विचारते, आज काय रांधलं, कोणाचं काय दुखून राह्यलं. मला इथं येऊन वर्ष झालं, असं कोणी विचारलं नव्हतं."

पोलिसाने असं गुंतायचं नसतं, हे मी तिला सांगितलं. ती "हो सर" म्हणाली.

बाईमाणसाचा जबाब घ्यायचा तर तिला ठाण्यात बोलवायचं नाही, आपण तिच्या घरी जायचं. महिला शिपायाला घेऊन मी सकाळीच गेलो. फोटोची ओळख पटवायला मुलीच्या वडिलांनाही बोलावलं होतं. त्यांना बाहेर जीपमध्येच बसवून ठेवलं. काकू ओसरीवर एकट्याच होत्या. माझ्या मागे खाकीतली पोरगी दिसली तेव्हा त्यांच्या हातातली सुई थांबली.

"तू पोलीस होती का वं?" एवढंच त्या म्हणाल्या.

मी प्रश्न सुरू केले. मुलगी वारली हे माहीत होतं का? हाव. बायकांना सांगितलं का? नाई. दुकानदाराकडे जात होता का? नाई.

"मग काकू, गोधड्या कुठे गेल्या?"

गुन्हेगार या टप्प्यावर सहसा खूप बोलतो. काकूंनी कमरेची किल्ली काढली आणि मागच्या खोलीचं कुलूप उघडलं.

भिंतीला लागून छातीपर्यंत गोधड्यांच्या थप्प्या होत्या. लाल, हिरव्या, जांभळ्या काठांच्या, प्रत्येकीत डांबराच्या गोळ्या घातलेल्या. पोळ्यापासून शिवलेली एकही गोधडी त्या घराबाहेर गेली नव्हती. कुणाचा पैसा घेतला नव्हता, कुणाला काही विकलं नव्हतं.

"काऊन केलं हे?" मीही त्यांच्याच बोलीत विचारून गेलो.

"पोरगी गेली हे सांगतलं असतं, तं साऱ्याजणी सुया उचलून आपापल्या घरी गेल्या असत्या," त्या म्हणाल्या. "त्याईले घरी मानसं हायेत. मंग दुपारची मी कोणाशी बोलू, साहेब? मनात आलं, एक आठवडाभर राहू दे. मंग सांगाचं राहूनच गेलं."

मागे चपलांचा आवाज झाला. मुलीचे वडील जीपमधून उतरून कधी आत आले, ते कळलंच नाही. ते खोलीकडे बघत राहिले. त्यांचा राग मी आठवडाभर फोनवर ऐकला होता. तो आता कुठे ठेवावा, हे त्यांना कळत नव्हतं.

"काकू, मला फोन करायचा की," शेवटी ते म्हणाले. "मी बोललो असतो तुमच्यासंगं."

"कोणत्या तोंडानं करू, बापा? तुही लेक गेली अन् मी तुले म्हणू, मले करमत नाई?"

पंक्चरवाल्याने वळून ओसरीवरचा फोटो खिळ्यावरून काढला, शर्टाच्या बाहीने पुसला आणि छातीशी धरून बाहेर जाऊन बसला.

दुपारी बायका आल्या तेव्हा काकूंनी स्वतःच सगळं सांगितलं. मी रस्त्यावर उभा होतो. कुणी रडलं. एक बाई मात्र उभी राहून म्हणाली, "माह्या मेलेल्या मायचं लुगडं होतं त्याच्यात. मी ते त्या लेकरासाठी देलं होतं, तुह्या खोलीत ठेवाले नाई." तिचंही चूक नव्हतं.

गोधड्यांचं काय करायचं, हे मुलीच्या वडिलांनी सुचवलं. दवाखान्यात रोग्याला खाट मिळते, त्याची माणसं मात्र फरशीवर झोपतात, हे ते स्वतः भोगून आले होते. ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी रिकामी जाणार होती. तीत गोधड्या चढवल्या आणि ते त्याच व्हरांड्यात वाटून आले. अर्जावर मी शेरा लिहिला: गुन्हा निष्पन्न होत नाही, अर्ज दप्तरी दाखल.

हे प्रकरण गोड झालं असं मात्र मी म्हणणार नाही. ओसरी पुन्हा भरली नाही. दोघीतिघी काही दिवस आल्या, मग लग्नसराई लागली. महिला शिपाई साप्ताहिक सुट्टीला काकूंकडे जायची, पण तिचीही बदली झाली. माझ्या बदलीच्या आधी मी तिकडून गेलो तेव्हा काकू सुई-दोरा न घेता नुसत्या रस्त्याकडे बघत बसल्या होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं. मला पुढे जायचं होतं, तरी थोडा वेळ बसलो.

आरोपीचा फायदा काय झाला, हे आम्ही आधी शोधतो. इथे फायदा होता दुपारच्या गप्पांचा, आणि त्याला कायद्यात कलम नाही. दुसऱ्यासाठी मदत गोळा करणाऱ्यालाही कधी स्वतःला काही हवं असतं आणि ते मागायची त्याला लाज वाटते, हे मी त्या खोलीत शिकलो. नंतर कुणी म्हातारं माणूस हरवलेल्या कोंबडीची नाहीतर शेजाऱ्याच्या नालीची तक्रार घेऊन पुन्हापुन्हा ठाण्यात आलं, की मी पेन खाली ठेवून विचारायचो, "घरी कोण कोण असतं?" बऱ्याचदा खरी तक्रार त्यानंतर सुरू व्हायची.

आता मी निवृत्त आहे. पत्नी गेली, मुलगा परदेशात. मागच्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो. खिडकीतल्या मुलीने माझा अंगठा घेताना सहज विचारलं, "काका, एकटेच आले? घरी कोण असतं?"

मी सांगायला लागलो. माझ्या मागे रांग होती, ती हळूहळू कुरकुरायला लागली, आणि तरी मला थांबता येईना.