कर्नलमधले अडसर

दादा आणि मी एकाच खोलीत काम करायचो, तरी आमचं पटत नसे. उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळ्या लाटणाऱ्या रोलिंग मिलसाठी तो रोलांचा वेग सांभाळणाऱ्या पेट्या बनवायचा. पेटीच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, मी लिहायचे. गिऱ्हाइकांना मात्र तो सांगायचा, "बहन है, टाइपिंग देखती है." मी कोड लिहीत राहायचे.

मग त्यानं नवा, स्वस्त प्रोसेसर आणला. त्याची खोड अशी की आपण लिहू त्याच क्रमानं गोष्टी मेमरीत दिसतील याची खात्री नाही. मी आधी रोलचा वेग लिहायचे, मग 'नवा आकडा आला' अशी खूण करायचे. कधीतरी खूण आधी दिसायची, आणि वाचणारा प्रोग्राम जुनाच वेग नवा समजून उचलायचा. म्हणून लिहिणाऱ्याकडे एक आणि वाचणाऱ्याकडे एक असे, क्रम मोडू न देणारे दोन अडसर मी घातले. कर्नलबाहेरच्या प्रोग्रामनं दिलेला मेमरीतला पत्ता त्याच्याच हद्दीतला आहे का, ही तपासणीही घातली.

"हे कोणी सांगितलं घालाले? पेटी हळू चालून राहिली," दादा म्हणाला.

"काढलंस तर चुकीचा वेग जाईल."

"माह्या टेबलावर एकदा तरी गेला काय? आपलीच पेटी, आपलाच प्रोग्राम, चौकशी कोणाची करतेस? मले नको शिकवू."

मी काही काढलं नाही. त्यानं मला न विचारता सगळं काढलं आणि पेट्या मिलमध्ये बसवल्या.

एका दुपारी मिलच्या इनचार्जचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा चाकोरी सोडून उसळलेली तापलेली सळी खांबाला वेटोळं घालून, थंड होऊन काळी पडली होती. एका कामगाराचा दंड भाजला होता. त्याला दवाखान्यात नेलं होतं.

"भैया, पीछे वाले रोल ने अचानक स्पीड क्यों पकड़ी?" इनचार्जनं विचारलं.

"सॉफ्टवेअर बहन का है. इसी से पूछो," दादा लगेच म्हणाला.

मी लॅपटॉप उघडून पेटीत घातलेला कोड पाहिला. अडसर नव्हते, तपासणीही नव्हती.

"काहून काढलं?"

"इथं नको," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"इथंच. माझ्यावर ढकललंस तेही इथंच."

मी इनचार्जला हिंदीत सगळं सांगितलं. माझ्या दुरुस्त पेट्या येईपर्यंत त्यानं मिल बंद ठेवली.

परतताना दादा गाडीत फुत्कारत होता. "घरची गोष्ट चव्हाट्यावर नेली. बाबा असते तर थोबाड फोडलं असतं तुहं."

"बाबांना मधे आणू नको. त्या माणसाला पाहायला येतोस का, तेवढं सांग."

भनपुरीत ट्रकांच्या रांगेत त्यानं गाडी थांबवली. "उतर."

मी उतरले आणि ऑटो करून दवाखान्यात गेले. कामगार झोपला होता. त्याची बायको उशाशी बसली होती. मी कोण ते सांगितलं.

"मशीन तुम्हारी है?"

"हव."

"तो अब क्या देखने आई हो?"

 तिनं तोंड फिरवलं. मी निघाले.

दादा तिथं कधीच गेला नाही. मिलला दुरुस्त पेट्या देऊन मी त्याचं काम सोडलं. तो प्रोसेसरच खराब निघाला होता, असं तो अजून लोकांना सांगतो.