पहिला घास अध्यक्षाचा

कर्नाटकातल्या आमच्या खजुरीच्या भांडी मंडळात मी एकटा पुरुष. बायकांनी मला चिटणीस केलं ते माझ्या कर्तबगारीमुळे नव्हे. तालुक्याच्या कचेरीत कन्नडमधून अर्ज लिहायला कुणीतरी लागायचं आणि गावातला मास्तर फुकट मिळतो. पण त्या निमित्तानं सव्वीस वर्षं मंडळाच्या अध्यक्ष राजूबाईंच्या शेजारी बसायला मिळालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मंडळाचं काम साधं. लग्न, बारसं, तेरावं, काहीही असो; हंडे, पराती, कढया, झारे मंडळाच्या खोलीतून न्यायचे आणि कार्य उरकलं की आणून द्यायचे. भाडं नाही. कुठल्या गल्लीचं, कुठल्या जातीचं, हा प्रश्न नाही. अट एकच, राजूबाईंनी घातलेली: हंडा रिकामा परत आणायचा नाही. कार्यातलं गोड वाटीभर तरी तळाशी हवं. बहुतेक वेळा ती हुग्गी असायची, म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर. तिचा पहिला घास अध्यक्षाचा. राजूबाई खोलीच्या उंबऱ्यावर बसून चाखायच्या आणि तोंडावर सांगायच्या, "दानम्मा, गूळ कमी पडला की गं."

बाई चौथीपर्यंत शिकलेल्या. अंगानं काडी, आवाज मात्र वेशीपर्यंत जाणारा. रागावताना कन्नड, समजावताना मराठी आणि कल्हईवाल्याशी घासाघीस करताना दखनी. मला त्या तिन्ही भाषांत रागावल्या आहेत.

गेल्या साली तुरीची रास झाल्यावर वार्षिक सभा भरली. राजूबाईंनी कमरेची किल्ली सोडली आणि विजयश्रीच्या हातात दिली. "माझे गुडघे आता ऐकंनात. ही पोरगी सांभाळंल. किल्लीबरोबर माझी जीभ बी दिली, मी मधी बोलणार न्हाई."

जीभ आठ दिवससुद्धा गप्प बसायची नाही, असं मला वाटलं. मी चुकलो.

विजयश्री माहेरची निर्णा गावची. वय बत्तीस, तालुक्याला, आळंदला, औषधाच्या दुकानात कामाला. हात भराभर चालणारा आणि स्वच्छतेचं भारी वेड. तिनं खोलीला चुना दिला, लोखंडी मांडणी आणली, प्रत्येक हंड्यावर आकडा घातला. कोणत्या तारखेला काय कुणाकडं, ते मोबाइलवर सगळ्यांना दिसू लागलं. एकाच मुहूर्तावर दोन लग्नं आली की पूर्वी बायकांची जुंपायची, ती बंद झाली. हे सगळं उत्तम झालं, आणि मी तसं चारचौघांत बोलून दाखवलं.

मग एकदा हुग्गीला मुंग्या लागल्या. त्या मांडणीवर चढल्या आणि विजयश्री वैतागली. नवा नियम निघाला: भांडी रिकामी, धुऊन, कोरडी करून आणावीत. कागद मीच लिहिला, सुवाच्य अक्षरात, आणि भिंतीला चिकटवलासुद्धा.

चार महिन्यांत खोलीची कळा गेली. हंडे खरकटे येऊ लागले, तळं काळी ती काळीच. कुणी आठ-आठ दिवस आणून देईना. विजयश्री दुकानातून आली की स्वतः घासत बसायची. त्यातच तीन घरांनी कार्याला बाहेरून केटरिंगवाला बोलावला. मंडळ असंच मोडणार की काय, याची मला खरोखर धास्ती वाटू लागली.

दिवाळीनंतर मंडळातल्या शोभाबाई चार जणींना घेऊन राजूबाईंच्या ओसरीवर आल्या. मी तिथंच होतो.

"अक्का, किल्ली परत घ्या. सभेत आम्ही ठराव मांडायलोत."

"नऊ महिने झालेत तिला," राजूबाई म्हणाल्या. "बाळंतपणाला बी एवढं लागतंय. थांबा की."

बायका गेल्या. राजूबाईंनी गुडघे चोळले. मग म्हणाल्या, "गुरुजी, खोटं कामून बोलू? लई वाटतंय घ्यावी. किल्लीचं काही न्हाई, पर त्यो पहिला घास आठवतोय."

सभेला आठवडा उरला असताना राजूबाईंच्या नातीचं बारसं झालं. हंडा त्यांनी मंडळातूनच नेला, रांगेत नाव लावून. दुसऱ्या दिवशी थोरल्या सुनेच्या डोक्यावर तो देऊन त्या काठी टेकत खोलीवर आल्या. विजयश्री खाली बसून करपलेला भात खरवडत होती आणि मी पाणी ओतत होतो. हंड्यात बघून ती म्हणाली, "अक्का, रिकामा आणायचा नियम हाय."

"माझ्यानं न्हाई झालं गं. सवय हाय."

विजयश्रीनं हंडा उजेडात ओढला. बाजूला नऊ हंडे पडले होते, सगळे काळे. हा एकच लख्ख.

"ह्यो एवढा कसा घासलात?"

"मग? घाणीत हुग्गी घालीन व्हय?"

विजयश्री त्या नऊ हंड्यांकडं बघत राहिली. मग भिंतीवरच्या कागदाकडं, मग माझ्याकडं. मी माझ्या सुवाच्य अक्षराची मनातल्या मनात लाज बाळगून उभा होतो.

"हे मला कुणीच सांगितलं कामून न्हाई?"

"मला तरी कुठं ठावं होतं?" राजूबाई म्हणाल्या. "मी खायच्या लोभानं अट घातली होती."

विजयश्रीनं कमरेची किल्ली काढून पुढं केली. "सभेत काढून घेण्यापरीस मीच देते, अक्का. माझ्यानं बिघडलं."

राजूबाईंचा हात पुढं झाला. मी बघत होतो. तो किल्लीपाशी क्षणभर थांबलाही. मग तो हंड्यात गेला. बोटांवर हुग्गी घेऊन त्यांनी ती विजयश्रीच्या तोंडाशी धरली. "पहिला घास अध्यक्षाचा. खा, आन् कशी झालीय ते तोंडावर सांग."

विजयश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं घास गिळला, नाक पुसलं. "वेलची जास्त पडलीय, अक्का."

राजूबाईंनी बोट चाटून बघितलं. "पडलीय खरी," म्हणाल्या.

कागद मी तिथंच फाडला. सभेत शोभाबाई ठरावासाठी उठल्या, तर त्यांच्या आधी राजूबाई बोलल्या, "विजूच ऱ्हाईल." वर्षभरात मंडळाच्या कारभारात त्या एवढंच बोलल्या. शोभाबाई खाली बसल्या.

फाल्गुनात शोभाबाईंच्या पुतण्याचं लग्न झालं. हंडा दुसऱ्याच दिवशी आला, तोंड दिसेल असा घासलेला, तळाशी हुग्गी. विजयश्री उंबऱ्यावर बसली, चाखली आणि मान हलवली.

"शोभाकाकू, गूळ कमी पडला की."

गल्लीपलीकडच्या ओसरीवर राजूबाई वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा हसल्या.