वारा सुटला की कोणी कोणाला हाक मारायची

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा मी मेहकरला मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. माझं माहेर डोणगावचं. अंतर फार नव्हतं, पण मोटारीचा भरवसा नसे, म्हणून नाल्याकाठच्या गल्लीत एका शिंप्याच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेतली. घरात तीन माणसं. शिंपीभाऊ, त्यांची बायको आणि त्यांची आई. आईची नजर पार गेली होती. भाऊंच्या बायकोला मी वहिनी म्हणायची, त्यांच्या आईला आजी.

वहिनींची एक सवय होती. घरात त्या जे काही करत ते सासूला मोठ्यानं सांगत. "आत्या, मी विहिरीवर जाऊन राह्यली." "आत्या, चूल पेटोली, इकडं येऊ नका." त्या आवाजाच्या आधारानं म्हातारी घरभर फिरायची. सुरुवातीला मला त्या बडबडीचा त्रास व्हायचा. वह्या तपासताना मी दार लोटून घ्यायची. पुढे सवय झाली, आणि वहिनी गप्प असल्या तर मीच डोकावून पाहायला लागले.

त्या उन्हाळ्यात मी चार दिवस माहेरी गेले होते. परत येताना दुपारी वाटेतच मोटार थांबली. समोरून धुळीची भिंत चालत यावी तसा वारा आला, पाठोपाठ गारा. मेहकरला उतरले तेव्हा सगळं शांत झालं होतं. गल्लीत शिरले तर निम्म्या घरांवर पत्रे नव्हते. नाल्याकाठच्या मोकळ्या जागेत बाजा उलट्या पडल्या होत्या आणि वाळत घातलेल्या कुरडया चिखलात पसरल्या होत्या. आमच्या दारात माणसं उभी होती. मला पाहून त्यांनी वाट दिली.

वहिनी कुरडया गोळा करायला गेल्या होत्या. वारा आल्यावर ज्यानं त्यानं आपापल्या घरात शिरून कडी लावली. उडत आलेला पत्रा वहिनींना लागला. वारा उतरल्यावर लोकांना त्या दिसल्या, तेव्हा जीव उरला नव्हता. आजी आत बाजेवर बसून सगळ्यांना एकच विचारत होत्या, सून काऊन बोलत नाही.

पुढचे महिने त्या घरात कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. नाल्यावरच्या कडुलिंबाच्या शेंड्यात एक वाकलेला पत्रा अडकून राहिला होता. तोच तो पत्रा, असं गल्लीत कोणी तरी म्हणालं आणि ते पक्कं होऊन बसलं. जरा वारा आला की तो घुमायचा, कोणी दात आवळून कण्हावं तसा. बाया त्या बाजूला पाणी आणायला जाईनात. आजी मात्र त्या आवाजाकडे कान लावून बसायच्या आणि मधेच "हो" म्हणायच्या, कोणाला तरी उत्तर दिल्यासारखं.

थंडी सरली आणि उन्हं वाढायला लागली तशी गल्लीत भीती आली. आभाळ स्वच्छ असलं तरी लोक वर बघत चालायचे. मग आमच्या शाळेचे हेडमास्तर, ते त्याच गल्लीत राहत, त्यांनी सगळ्यांना लिंबाखाली बोलावलं. नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीलाही निरोप गेला, कारण पत्रे तिकडचेही उडाले होते आणि नाला तुंबला की पाणी दोन्हीकडे शिरत होतं.

बरीच बोलाचाली झाली. पत्र्यावर दगड ठेवायची जुनी रीत मोडायची ठरली, कारण मागच्या वेळी पत्र्यापेक्षा दगडांनीच जास्त डोकी फुटली होती. त्याऐवजी पत्रे खालच्या लाकडाला आवळून बांधायचे. त्यासाठी कापसाच्या गठाणींच्या जुन्या लोखंडी पट्ट्या सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, पडून होत्या, त्या द्यायला मालक तयार झाले. जिनाचं गोदाम दगडी होतं. वारा सुटला की सगळ्यांनी तिथं जायचं, असं हेडमास्तरांनी सुचवलं.

तेव्हा गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ उठले. गोदाम ठीक आहे, पण नाल्यापलीकडच्यांनी आपली वेगळी सोय पाहावी, असं त्यांचं म्हणणं होतं. पलीकडून आलेल्यांतली एक बाई, दवाखान्यात दाईचं काम करायची, ती नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली. शिंपीभाऊ तोवर मागं झाडाला टेकून बसले होते. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "माह्या बायकोले उचलून आणलं ते नाल्यापलीकडचे होते. आपल्या गल्लीच्या कड्या तवा लागलेल्या होत्या."

कोणी मान वर करेना. भाऊच पुन्हा म्हणाले, "तिले कोणी आवाज देला असता तं ते आली असती. माहं एवढंच म्हणणं हाय."

त्या एका वाक्यावर बाकीचं ठरलं. घंटा बडवून उपयोग नाही, वाऱ्यात ती ऐकू जात नाही. प्रत्येकानं कडी लावायच्या आधी शेजारच्या दारात जाऊन हाक मारायची, आणि उत्तर आल्याशिवाय तिथून हलायचं नाही. जी माणसं आपल्या पायानं येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी एकेक माणूस नेमायचा. आजींना मी आणीन असं मी सांगितलं. दाईच्या शेजारी लकव्यानं पडलेला एक माणूस होता, त्याला भाऊंनी मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पलीकडचा एक गवंडी लिंबावर चढला आणि तो पत्रा त्यानं खाली टाकला. भाऊंनी तो नाल्याकाठी खड्डा करून पुरला. पुढचे आठ-पंधरा दिवस गल्ली आणि वस्ती मिळून नाल्यातला गाळ काढत होती. ते वयस्कर गृहस्थ आले नाहीत, पण त्यांचे मुलगे आले.

वादळ त्याही वर्षी दुपारीच आलं. पानही हलत नव्हतं, आणि एकदम पश्चिमेकडून अंधारून आलं. गल्लीत हाका सुरू झाल्या. मी मागच्या घरात हाक मारून, उत्तर घेऊन आजींकडे धावले. त्या घरात नव्हत्या. मागच्या अंगणात भिंतीला धरून उभ्या होत्या आणि धुळीनं मला त्यांची नुसती आकृती दिसत होती. मी ओरडायला तोंड उघडलं. मी त्यांना नेहमी आजी म्हणायची. त्या वेळी माझ्या तोंडून निघालं, "आत्या! इकडं या, मी इथं हाय!"

आजींनी झटकन मान वळवली आणि सरळ माझ्याकडे चालत आल्या. वाटेत दगड होता, तोही त्यांनी ओलांडला. माझा हात धरून म्हणाल्या, "आली व माय तू."

मी त्यांना तशीच धरून गोदामाकडे निघाले. खुलासा करायला वेळ नव्हता.

गोदामात सगळे पोचले. वयस्कर गृहस्थही घरच्यांना घेऊन आले आणि एका कोपऱ्यात वेगळे बसले. भाऊ लकव्याच्या माणसाला पाठीवर घेऊन शिरले तेव्हा वर गारा वाजत होत्या. आजी शेजारच्या बायकांना सांगत होत्या, सुनेनं आवाज देला म्हणून आली. बायका माझ्याकडे पाहत होत्या. भाऊंनी ते ऐकलं आणि ते तिथंच भिंतीशी खाली बसले.

वारा उतरल्यावर माणसं मोजली. कोणी कमी नव्हतं. काही पत्रे गेले, दोन भिंती पडल्या, पण बांधलेले बहुतेक पत्रे जागेवर राहिले. संध्याकाळी जिनाच्या अंगणात एकत्र खिचडी शिजली. ती सगळ्यांनी खाल्ली असं मी म्हणणार नाही.

घरी परतताना भाऊ माझ्या बरोबरीनं चालत होते. त्यांनी विचारलं, "बाई, तुमी मायले काय म्हणून हाक मारली?"

मी सांगितलं. कसं तोंडात आलं ते मलाही कळलं नाही, असंही सांगितलं.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ते म्हणाले, "लकव्यावाल्याले घेऊन मी नाल्यात होतो तवा. मलेबी आवाज आला. तुमचा नव्हता थो."

त्या घरात मी आणखी दोन वर्षं राहिले. आम्ही तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पण वारा पडून सगळं स्तब्ध झालं की आम्ही दोघंही, भाऊ शिवणाचं मशीन थांबवून आणि मी वही मिटून, आजींच्या खोलीकडे पाहायचो. आजी खुशीत बसलेल्या असायच्या.

दर उन्हाळ्याच्या तोंडाला लिंबाखाली बैठक व्हायची. नवीन बिऱ्हाडं आली की त्यांना त्यांचं शेजारचं दार सांगितलं जायचं. मग माझी बदली बीबी गावाला झाली. निघायच्या दिवशी मी आजींच्या पाया पडले. त्यांनी माझा हात सोडला नाही.

"बीबीले जाऊन राह्यली का?" त्या म्हणाल्या. "अन वारा सुटला तं मंग कोण येईन?"

समोरच्या घरात नुकतंच लग्न होऊन आलेली सून होती. बैठकीत आजींना आणायचं काम आता तिच्याकडे दिलं होतं. मी तिला बोलावून तिचा हात आजींच्या हातात दिला. आजींनी तो दोन्ही हातांनी चाचपला.

"हाक मारून दाखव," त्या म्हणाल्या.

ती लाजली. पदर सावरत हळूच म्हणाली, "आजी, चाला."

आजींनी मान तिरपी करून ऐकलं. "जोरानं मार," त्या म्हणाल्या. "वारा असते तवा."