मृग बहाराचा तक्ता

पांढुर्ण्याच्या स्टेशनवर दादानं माझ्या हातात शेजाऱ्याच्या बगीच्यातल्या संत्र्यांची पिशवी दिली आणि म्हणाला, "भोपाळात सांगजो, आमचे झाडं जिते हायेत अजून." गाडी हलली तरी तो पिशवीचा एक बंद धरून चार पावलं चालला. नोकरीसाठी गाव सोडल्यापासून असे निरोप पुष्कळ झाले. पण हा गारपिटीनंतरचा. त्यानंतर दादा मला सोडायला स्टेशनवर आला नाही.

मोहगावाजवळच्या आमच्या गावात तेव्हा मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुललेली, संत्री तोडणीला आली होती. गारांनी फळांचा जमिनीवर सडा पडला. हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा आंबिया बहार घेणाऱ्यांचा नुसता फुलोरा झडला. दादाचा बगीचा आंबियाचा. तरी नुकसानीच्या पाहणीला आलेल्या आमच्या खात्याच्या माणसांना घेऊन तो प्रत्येकाच्या बगीच्यात फिरला. आकडे माझ्याकडे भोपाळला आले.

सॉफ्टवेअरमध्ये मी एकच तक्ता केला, त्यात दोन थर: आंबिया आणि मृग. पडद्यावर एका वेळी एकच थर दिसतो. भरपाईचा अहवाल मी वर्डमध्ये, एक्सेलमध्ये आणि पीडीएफमध्ये काढला. तिन्ही प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या, जुळल्या, आणि मी सही केली. 'सगळे थर' या चौकटीत टिक करायची राहिली होती. तिन्हींत फक्त आंबिया होता.

दादाचा फोन आला. "बाळ्या, मृगवाल्यांची भरपाई काहून नाही आली रे?" मी मूळ फाइल उघडली. मृगाचा थर जसाच्या तसा आत बसलेला होता. साहेबांसमोर चूक कबूल करायची हिंमत झाली नाही. म्हणालो, "वरून कापलं असेल, दादा."

त्यानं गावात तेच सांगितलं. पारावर लोक म्हणाले, "स्वतःचा आंबिया बरा आला कागदावर! भाऊ भोपाळात, मंग दुसऱ्याचा मृग कशाले दिसन?" व्यापाऱ्याला बगीच्यातला माल विकण्याआधी झाडावरच्या फळांचा अंदाज घ्यायला सगळे दादालाच बोलवायचे. ते बोलावणं बंद झालं.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे निघून गेलेल्यांनो, मृगाचा तो तक्ता मी गाळला होता. दादानं नाही.

आता मी रिटायर आहे. पत्नी गेल्यापासून फ्लॅटमध्ये बोलायला टीव्ही तेवढा. बाहेर बोलतो ते हिंदी. मराठीत हाक मारणारं कोणी उरलं नाही. मूळ फाइल घरच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही, म्हणून गेल्या आठवड्यात जुन्या ऑफिसात जाऊन बसलो. टिक केली. दोन्ही थर आले. पीडीएफ दादाला मोबाइलवर पाठवली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "अक्षरं लय बारीक हायेत, पण मृग दिसला." मग म्हणाला, "म्हणजे वरून नव्हतं कापलं."

"नाही दादा. माझ्याच हातून राहिलं. आणि मी तुझ्याशी खोटं बोललो."

"मंग मले काहून पाठवून राहिला? मी तं फिरलोच होतो त्या बगीच्यांत. गावाले वाचून दाखव."

छापलेले कागद पिशवीत ठेवले आहेत, उद्याचं तिकीट काढलं आहे. स्टेशनवर घ्यायला कोणी येईल असं वाटत नाही. इतकी वर्षं मी घर म्हणजे असं समजत आलो, की जिथं पायरी चढताच न मागता पाण्याचा तांब्या पुढे येतो. उद्याही तांब्या पुढे येईल. पण आधी पारावर जाऊन वाचीन, मग पाणी घेईन.